‘व्यसन?’ या रकान्यात आम्ही ‘नाही’ लिहायला लावलं

रामबागची मावशी

लिहू की नको यात चार महिने गेले. बहिणीला विचारलं, आणि ज्याच्याबद्दल लिहितेय त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "लिही, फक्त नाव नको." त्यामुळे नाव, शाळा, गल्ली यातलं काहीच येणार नाही. इंदुरातली मराठी घरं एकमेकांना ओळखून असतात. कुणाला अंदाज आलाच तर हात जोडून सांगते, इथे बोलू नका.

माझा भाचा तेव्हा सोळा वर्षं दोन महिन्यांचा होता. दहावीत. वर्षभरापासून गणितात घसरत चालला होता आणि आम्ही सगळं खापर मोबाइलवर फोडत होतो. एक दिवस मला पेन्सिल हवी होती म्हणून त्याची कंपासपेटी उघडली. आत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, नीट घडी घालून कर्कटकाखाली सरकवलेल्या. मोजल्या, अकरा भरल्या. सोबत एक रुमाल, त्याचा एक कोपरा कडक झालेला आणि नेलपॉलिशसारखा वास. पट्टीवरचं नाव वाचलं, अल्प्राझोलम. माझ्या सासूबाईंना झोप येत नव्हती तेव्हा डॉक्टरांनी त्यांना हीच गोळी दिली होती. तीही अर्धी.

मी पट्ट्या होत्या तशा परत ठेवल्या आणि पेटी बंद केली. बहिणीला सांगायला आठ दिवस लावले. तिने मेहुण्यांना सांगितलंच नाही, कारण ते आधी पट्टा काढतात आणि मग विचारतात.

पुढच्याच महिन्यात संध्याकाळी ठाण्यातून फोन आला. एका बाविशीच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून ह्याने रस्त्याने चाललेल्या एका बाईंच्या हातातला मोबाइल हिसकला होता. पुढच्या चौकात लोकांनी धरलं, चांगलं बदडलं. आम्ही पोचलो तेव्हा तो बाकावर बसला होता, ओठ फाटलेला, आणि समोर आई उभी आहे हे त्याला उमगत नव्हतं. बहिणीला वाटलं, घाबरलाय. मला माहीत होतं ते काय होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला किशोर न्याय बोर्डासमोर नेलं (महाराष्ट्रात बाल न्याय मंडळ म्हणतात) आणि तिथून संप्रेक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असेपर्यंत मुलांना ठेवतात तिथे. ओळखीतून एक वकील गाठले होते. ते म्हणाले, "नशेचा विषय काढू नका. काढलात तर पोरगा आत अडकेल." खरं सांगते, हे ऐकून आम्हाला सुटल्यासारखं झालं. लपवायचंच होतं, आता लपवायला कारणही मिळालं.

तिसऱ्या रात्री त्याला तिथे झटका आला. आकडी. तिथल्या लोकांनी ताबडतोब हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर आम्हाला खोदून खोदून विचारत होते, काही घेत होता का, कुठली गोळी चालू होती का. बहीण म्हणाली, लहानपणी तापात एकदा झटका आला होता. तेही खोटं.

मग मुलाच्या घरची चौकशी करून बोर्डाला अहवाल देणाऱ्या परिवीक्षा अधिकारी घरी आल्या. दमलेल्या दिसत होत्या, आल्याबरोबर पाणी मागितलं. त्यांच्याकडे बरीच पानं असलेला छापील फॉर्म होता. घरात कोण कोण, कमाई किती, मित्र कसे, अभ्यास कधीपासून सुटला, घरात मारहाण होते का. असं करत सवयींचा रकाना आला. पेन टेकवून त्यांनी विचारलं, "कोई नशा?" बहिणीने मान खाली घातली. ती आता बोलून टाकणार असं मला वाटलं, म्हणून मीच घाईने म्हटलं, "नहीं मैडम, हमारे घर में तो सुपारी भी कोई नहीं खाता." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, ‘नहीं’ लिहिलं आणि पान उलटलं.

तो एक शब्द मला अजून दिसतो.

तो पाचव्या दिवशी जमानतीवर घरी आला. शाळेने ‘इतर मुलांचा विचार करून’ दाखला घेऊन जा म्हटलं. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला लोक मारतानाचा व्हिडिओ फिरत होता. घरी पडून राहायचा, घाम यायचा, हात थरथरायचे, आणि आम्ही म्हणायचो पश्चात्ताप झालाय. सात आठवड्यांनी पुन्हा ठाण्यातून फोन. यावेळी खिशात पुड्या होत्या, ब्राउन शुगर (कच्चं हेरॉइन), सगळं मिळून तीन ग्रॅमच्या आत.

उधारीची गोष्ट त्याने त्यानंतर सांगितली. तो बाविशीचा मुलगा गोळ्या उधार द्यायचा. अठराशे रुपये झाले तेव्हा म्हणाला, पैसे नसतील तर मागे बस, एक हात मारायचा, तू नाबालिग आहेस, तुला काही होत नाही. पहिला गुन्हा तिथून. आणि सुटून आल्यावर मोबाइल हातचा गेला म्हणून उधारी दुप्पट सांगितली, ती फेडायला पुड्या पोचवायच्या. आम्ही ज्याला दोन वेगळे गुन्हे समजत होतो ती एकच वही होती.

बोर्डाला चोरी दिसत होती. गोळ्या आम्हाला दिसत होत्या. या दोन गोष्टी एका कागदावर येऊ नयेत म्हणून आम्ही सगळे झटलो, आणि त्या एका कागदावर आल्या असत्या तरच त्या पोराला काही मिळालं असतं.

दुसऱ्या वेळी मी बोलले, सगळं. त्यावर पुढे लिहीन. आधी मला जाणत्या लोकांना विचारायचंय: पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? वकील म्हणत होते तसं खरंच आत अडकला असता का?

---

जिल्हाकोर्ट

मावशी, इंदुरात वकिली करतो, बोर्डाची कामंही घेतो. तुमच्या वकिलांची भीती अगदीच निराधार नव्हती, पण अर्धी होती. तीच समजून घ्यायला हवी.

किशोर न्याय कायदा २०१५, कलम १२. अठराच्या आतल्या मुलाला जमानत हा नियम आहे, गुन्हा जमानती असो वा नसो. नाकारायला तीनच कारणं: सोडलं तर तो माहीतगार गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. आता तुम्ही नुसतं उभं राहून सांगितलंत की मुलगा गोळ्या खातो आणि गोळ्या देणारा गल्लीतच राहतो, तर पहिली दोन कारणं तुम्हीच बोर्डाच्या हातात दिलीत. वकील घाबरतात ते इथे.

पण यावर उपाय लपवणं नाही. उपाय म्हणजे सांगताना हातात कागद असणं. मानसोपचार डॉक्टरांची चिठ्ठी की उपचार अमुक तारखेपासून सुरू होत आहेत. आई, मावशी, कुणीतरी लिहून द्यायचं की त्याला मी नेईन-आणीन. जमल्यास काही दिवस दुसऱ्या मोहल्ल्यात नातेवाइकाकडे ठेवायची तयारी. मग तीच गोष्ट उलटी फिरते: धोका आत आहे, बाहेर उपचार आहेत. माझ्या अनुभवात असा अर्ज बोर्ड मनापासून वाचतं. बोर्डात मॅजिस्ट्रेटबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यातली एक तरी महिला असते, ते याचसाठी.

तुम्ही ज्या फॉर्मबद्दल लिहिलंय तो सामाजिक अन्वेषण अहवाल. व्यसनाचा रकाना त्यात मुद्दाम ठेवलाय, कारण पुढचा आदेश त्यावर उभा राहतो. कलम १८ नुसार बोर्ड समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह (गुन्हा केल्याचं ठरलेल्या मुलांचं सुधारगृह), असं काहीही करू शकतं, आणि त्याच्या जोडीला व्यसनमुक्तीचा उपचार घेण्याचा आदेशही देऊ शकतं. कलम ९३ खाली मुलाला उपचार केंद्रात पाठवता येतं. कायद्यात ही दारं आहेत. पण ‘नहीं’ लिहिलेल्या कागदावर कुठलंही बोर्ड हा आदेश काढणार नाही.

दुसरं, मोबाइल हिसकण्याला भारतीय न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे किशोर न्याय कायद्याच्या भाषेत तो किरकोळ गुन्हा. ब्राउन शुगर पाच ग्रॅमपर्यंत ‘अल्प मात्रा’, तिथेही शिक्षा एक वर्षापर्यंत, म्हणजे तोही किरकोळ. अशा प्रकरणाची चौकशी चार महिन्यांत, वाढवून सहा महिन्यांत संपली नाही तर ती बंदच होते. भाच्याच्या आयुष्याला खरा धोका खटल्याचा नव्हताच.

आणि तो बाविशीचा. मुलाकरवी अमली पदार्थ विकणं-पोचवणं याला किशोर न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाला नशेचा पदार्थ देणं, कलम ७७, तितकीच शिक्षा. मुलाकडून गुन्हा करवून घेणं, न्याय संहितेचं कलम ९५, कमीत कमी तीन वर्षं. तुम्ही गप्प बसलात तेव्हा त्यालाही वाचवलंत. हे लागेल तुम्हाला, पण लिहिणं भाग आहे.

---

सुदामानगर

मी दुसऱ्या बाजूची आहे. दोन वर्षांपूर्वी सकाळी फिरायला गेले असताना मागून मोटारसायकल आली, गळ्यातलं ओढलं. मंगळसूत्र तुटलं, मी फरफटत गेले, डावं मनगट मोडलं. आत पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. पोळी लाटताना लाटणं आजही तिरकं जातं. ओढणारा पोरगा सतरा वर्षांचा निघाला.

धागा वाचून रडू आलं हे खरं. पण सगळा जीव त्या पोरासाठीच तुटतो, माझ्यासाठी बोर्डाच्या त्या खोलीत कोण होतं? मला कुणी सांगितलंही नाही की त्याचं पुढे काय झालं. तो नशेत होता असं कुणीतरी म्हणालं. बरं, होता. मग?

---

रामबागची मावशी

सुदामानगर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर असल्याचा आव आणणार नाही. ज्या बाईंचा मोबाइल होता त्यांचा चेहरा मी ठाण्यात पाहिला होता. त्या वेळी मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

---

विजयनगरी

माझं मत वेगळं आहे. सोळा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. पुण्यात मे २०२४ मध्ये काय झालं आठवा. दारू पिऊन गाडी चालवली, आपल्याच मध्य प्रदेशातली दोन तरुण माणसं गेली, आणि त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जमानत. अशा कायद्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

---

जिल्हाकोर्ट

विजयनगरी, तो संताप मला समजतो. त्या निबंधाच्या अटीचा बचाव मीही करणार नाही. पण ‘मोठ्यांसारखा खटला चालवा’ ही तरतूद कायद्यात आधीच आहे. सोळा ते अठरा वयाचा मुलगा आणि गुन्हा ‘जघन्य’, म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा आहे, तर बोर्ड प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. कमीत कमी शिक्षा ठरवलेलीच नसेल तर कमाल शिक्षा कितीही असो, तो जघन्य नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सांगितलं आणि २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यात लिहिलं गेलं.

अमली पदार्थांत ही रेघ वजनावर पडते. ब्राउन शुगर अडीचशे ग्रॅमच्या वर किंवा गांजा वीस किलोच्या वर गेला की व्यापारी मात्रा, कमीत कमी दहा वर्षं, म्हणजे जघन्य. त्यामुळे ज्या सोळा वर्षांच्या पोराच्या दप्तरात दुसऱ्याने मोठं पाकीट ठेवलं तो मोठ्यांच्या खटल्याच्या दारात उभा राहतो, आणि ठेवणारा बहुतेक वेळा पकडलाच जात नाही. मूल्यमापनात मुलाची समज आणि गुन्हा कुठल्या परिस्थितीत घडला हे पाहायचं असतं. तिथेही नशा आणि उधारी सांगितली नाही तर बोर्ड पाहणार काय?

---

माळवाकन्या

मी व्यसनमुक्तीत समुपदेशक आहे, चौदा वर्षं झाली. मावशी, त्या आकडीबद्दल आधी.

अल्प्राझोलम रोज, जास्त प्रमाणात घेणाऱ्याची गोळी एकदम तुटली की एक ते तीन दिवसांत आकडी येऊ शकते. जीवही जाऊ शकतो. ती हळूहळू, डॉक्टरांच्या हाताखाली कमी करायची असते. म्हणजे तुमचा भाचा त्या रात्री पोलिसांमुळे किंवा भीतीमुळे नाही, तर गोळी अचानक थांबल्यामुळे मरणाच्या जवळ जाऊन आला. ज्यांना हे वाचून आपलं मूल आठवतंय त्यांनी एवढं करा: मूल ताब्यात असो वा घरात, डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. इज्जत नंतर सांभाळता येते.

रुमालाचं. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनरचा थिनर, यातली वाफ डोक्यात जाते. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सकडून करवलेलं देशभराचं सर्वेक्षण आलं, त्यात दारू, गांजा, अफू सगळ्यांत मोठी माणसं पुढे होती. फक्त हुंगण्याचे पदार्थ असे निघाले की ते मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त: दहा ते सतरा वयात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. अशा मुलांची संख्या जास्त असलेल्या राज्यांत मध्य प्रदेश आहे. कारण उघड आहे, ते स्वस्त आहे, दुकानात मिळतं आणि बाळगणं गुन्हा नाही. २०१२ मध्ये बाटलीतल्या थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी आली, पण पंक्चरची ट्यूब कुणाला बंद करता येणार?

आता ‘नशेमुळे गुन्हा’ याबद्दल. पॉल गोल्डस्टीन नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९८५ साली तीन वाटा मांडल्या होत्या: नशेच्या अमलाखाली हातून घडलेलं, नशेच्या पैशासाठी केलेलं, आणि धंद्यातल्या वसुली-मारामारीतून आलेलं. मोठ्यांच्या बाबतीत हे वेगळं काढता येतं. माझ्यासमोर येणाऱ्या मुलांत तिन्ही गुंतलेल्या असतात. मावशींच्या भाच्याचंच बघा: गोळीच्या अमलाखाली होता, उधारी फेडायची होती, आणि उधारी देणारा धंद्यातला होता. वर, कितीतरी मुलांत बारीकसारीक चोऱ्या आणि शाळा बुडवणं नशेच्या आधी सुरू झालेलं असतं. म्हणजे नशा काढली की गुन्हा आपोआप गेला असं नाही. घरातला पट्टा, सुटलेली शाळा, रिकामी दुपार, हे दोन्हींच्या मुळाशी असतं. दाखला हातात देणाऱ्या शाळेने त्या दिवशी त्याची दुपार त्या बाविशीच्या मुलाला देऊन टाकली.

शेवटचं, आणि हे काळजीने सांगते. घाबरलेले आईबाप मग एखाद्या ‘केंद्रा’त पैसे भरून मुलाला सहा महिने कोंडून टाकतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ वाचा. अल्पवयीन मुलाला दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी तपासायला हवं, मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायला हवं, सोबत घरचं माणूस हवं, आणि बहात्तर तासांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायला हवं. जिथे तुम्हाला दारातूनच परत पाठवतात, मुलाशी बोलू देत नाहीत, तिथे ठेवू नका. बाणगंगाच्या सरकारी मानसिक रुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात. दचकू नका. बहुतेक मुलांचा इलाज घरी राहून, दर आठवड्याला येऊन होतो. १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १०९८ मुलांची.

---

दवाबाजार

औषधाच्या धंद्यात तिसरी पिढी आमची. गोळ्यांबद्दल मी लिहायलाच हवं.

अल्प्राझोलम, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल ही ‘एच-१’ यादीतली औषधं आहेत. मार्च २०१४ पासून नियम आहे: चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिली हे लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. मावशींनी अकरा पट्ट्या मोजल्या. प्रत्येक पट्टी कुठल्यातरी दुकानातून, कुठल्यातरी माझ्यासारख्याच्या हातातून गेली आहे.

संध्याकाळी येतात ती पोरं. ओळखू येतात. शंभराची नोट घडी करून काउंटरवर ठेवतात, डोळे वर करत नाहीत, आणि ‘भिया, दादी की गोली’ म्हणतात. चिठ्ठी मागितली की चिठ्ठीही निघते, झेरॉक्सची झेरॉक्स, तारीख खाडाखोड केलेली. मी नाही म्हणतो. माझे वडील शिव्या खाऊनही नाही म्हणायचे. पण मी नाही म्हटल्यावर ते पोरगं उजवीकडे वळतं की डावीकडे हे मी कधी दुकानातून उतरून पाहिलं नाही. आता त्याची लाज वाटते. मूळ चिठ्ठीवर शिक्का मारून ‘दिलं’ असं लिहायला सगळ्यांनी सुरुवात केली तरी ती चिठ्ठी पुन्हा चालणार नाही. आमच्या ओळीतल्या पाच दुकानांशी बोललोय.

---

जुनी इंदूर

थोडं अवांतर. माळव्याला अफू नवी नाही. एकोणिसाव्या शतकात माळवी अफू इंदुरातून मुंबईमार्गे चीनला जात होती, मोठमोठ्या पेढ्या तिच्यावर उभ्या राहिल्या. आजही मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने पीक होतं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक भागात ९०७ किलो मेफेड्रोन हा रासायनिक अमली पदार्थ सापडला, अठराशे कोटींच्या वर किंमत सांगितली गेली. इतका माल जिथे तयार होतो तिथे तीन ग्रॅमवाल्या पोराला धरून आपण काय मिळवतो, हा प्रश्न पडतो.

---

एक बाबा

धागा वाचून आत्ता मुलाचं दप्तर पाहिलं. काही नाही सापडलं. पण तो झोपेतून उठून दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. आता काय बोलू?

---

माळवाकन्या

एक बाबा, जे केलंत ते त्याला सांगा. "मला भीती वाटली म्हणून पाहिलं" असं. नंतर तो काय म्हणतो ते ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. आजच्या रात्रीपुरतं एवढंच.

---

रामबागची मावशी

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या वेळचं लिहायचं राहिलं होतं.

यावेळी आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो, मग बोर्डाकडे. तेही ठरवून नाही, झटक्याच्या वेळचे डॉक्टर मला आठवले आणि मी सकाळी जाऊन त्यांच्यासमोर सगळं ओकले. त्यांनी रागावून घेतलं आणि मग कागद लिहून दिला. परिवीक्षा अधिकारी त्याच होत्या. फॉर्म उघडायच्या आत मी म्हटलं, "मैडम, पिछली बार मैंने झूठ बोला था." त्या म्हणाल्या, "पता था." एवढंच. मग त्यांनी पेन काढलं आणि आम्ही अडीच तास बसलो. कंपासपेटीपासून उधारीपर्यंत. बहिणीने मेहुण्यांच्या पट्ट्याच्या माराचंही सांगितलं, ते तिथेच बसले होते.

जमानत मिळाली. अट अशी की दर आठवड्याला उपचार, महिन्याला परिवीक्षा अधिकाऱ्यांसमोर हजेरी, आणि तो माझ्याकडे राहील. गोळी उतरवायला साडेतीन महिने लागले. मध्ये एकदा घसरला. रात्री अकराला येऊन स्वतः सांगितलं, उभ्या उभ्या, बूटही न काढता. त्या बाविशीच्या मुलाबद्दल त्याने जबाब दिला आहे. भीती वाटते, नाही असं नाही.

जिल्हाकोर्ट, व्हिडिओबद्दल तुम्ही खासगीत सांगितलंत त्याप्रमाणे ग्रुपवर लिहिलं की मुलाची ओळख उघड करणं किशोर न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. दोघांनी डिलीट केला, एकाने मलाच ग्रुपमधून काढलं.

सुदामानगर, तुमचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला. स्क्रूचं वाचताना त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि स्वतः परत वाचला. त्या बाईंना त्याने पत्र लिहिलंय. सरळ द्यायचं नाही असं आम्हाला सांगितलंय, परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे देणार आहोत, त्या ठरवतील. मोबाइलची किंमत भरून द्यायचीही तयारी लिहून दिली आहे.

ओपन स्कूलचा फॉर्म भरलाय. शुक्रवारी बोर्डासमोर पेशी आहे, साडेदहाला निघायचं. फाइलीत वर डॉक्टरांचा कागद लावलाय, त्याखाली बारा हजेऱ्यांच्या पावत्या. मेहुणे सुट्टी टाकून येणार आहेत, पहिल्यांदाच.